सिस्टम कॉल ट्रेसिंगचं मॅन पान कसं लिहायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी, पायरी-पायरीने

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडून ओपन सोर्समध्ये यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो, आधी डॉक्युमेंटेशन कर, ते सोपं असतं. सोपं अजिबात नसतं. पण शिकायला याच्यासारखी जागा नाही, आणि त्यातही तुम्ही सिस्टम कॉल ट्रेसिंगचं (प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, जी कामं मागतो त्या सिस्टम कॉलवर नजर ठेवण्याचं) मॅन पान, म्हणजे मॅन कमांडने टर्मिनलमध्ये उघडणारं मॅन्युअलचं पान, लिहायला किंवा दुरुस्त करायला घेतलंत तर कर्नल, सी लायब्ररी आणि प्रोसेसर तिन्ही एकदम कळायला लागतात, कारण हा इंटरफेस त्या तिघांच्या मधोमध बसलाय. हे पान उघडणारा माणूस सहसा अडचणीत असतो, त्याचा प्रोग्राम लटकलेला असतो, डिबगर चालत नसतो, आणि पानाने त्याला चुकीचं सांगितलं तर त्याचे दोन-तीन दिवस वाया जातात. म्हणून मी एकच नियम धरून सगळं सांगणार आहे: पानात जे वाक्य लिहाल ते आधी मशीनवर घडताना बघा, मग लिहा.

नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची. उदाहरणं लिनक्सची आहेत, बीएसडीचा, म्हणजे युनिक्सच्या दुसऱ्या एका घराण्याचा, उल्लेख लागेल तिथे करतो.

पायरी १: पान कुठे राहतं ते बघा

मॅन्युअलचे भाग नंबराने ओळखतात. १ मध्ये कमांड, २ मध्ये सिस्टम कॉल, ३ मध्ये लायब्ररी फंक्शन, ५ मध्ये फाइल फॉरमॅट, ७ मध्ये इकडचं तिकडचं, ८ मध्ये ॲडमिनच्या गोष्टी. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं, आणि त्यातही सिस्टम कॉल दुसऱ्याच भागात होते. त्यामुळे 'मॅन २ पीट्रेस' म्हटलं की ट्रेसिंगसाठीचा कर्नलचा इंटरफेस उघडतो आणि 'मॅन १ एसट्रेस' म्हटलं की तो इंटरफेस वापरणारी कमांड. नवीन माणूस या दोघांची गल्लत करतो आणि कमांडचे ऑप्शन दुसऱ्या भागाच्या पानात घुसवायला जातो, तसं करू नका. दोन्ही पानं आधी पूर्ण वाचा, पीट्रेसचं लांबलचक आहे, दोन बैठका लागल्या तरी चालेल.

आणि पान मशीनवरच असतं ही फार मोलाची गोष्ट आहे. जून-जुलैत आमच्याकडे वारा सुटला की झाड तारेवर पडतं, लाइट जाते, मागोमाग टॉवर बंद, मग लॅपटॉपच्या बॅटरीवर जे काय आहे तेवढंच आपलं. त्या दोन तासांत ज्याला काम करायचंय त्याला 'सविस्तर माहिती वेबसाइटवर बघा' हे वाक्य काहीच कामाचं नाही. पान स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, गरज लागेल ते सगळं त्यात, किंवा निदान शेजारच्या मॅन पानात.

पायरी २: लिहिण्याआधी ट्रेस करून बघा

एक छोटा सी प्रोग्राम लिहा. माझं आवडतं उदाहरण म्हणजे भरतीच्या वेळांची फाइल वाचून आजची पहिली भरती छापणारा प्रोग्राम, फाइलचं नाव देवनागरीत 'भरती' ठेवा. तो एसट्रेसखाली चालवा, -एफ लावा म्हणजे पोरप्रोसेसही दिसतील, -ओ लावून आउटपुट वेगळ्या फाइलीत घ्या नाहीतर प्रोग्रामचं छापणं आणि ट्रेस एकात एक मिसळतं.

आता त्या आउटपुटकडे नीट बघा. तुम्ही कोडमध्ये ओपन लिहिलंय पण ट्रेसमध्ये ओपनॅट दिसतंय, कारण जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२६ पासून ओपनचं रॅपर, म्हणजे कॉलभोवतीचं लायब्ररीचं फंक्शन, आतून ओपनॅटच बोलावतं. फाइलचं नाव मराठीत दिसतच नाही, 'भ'च्या जागी ३४०, २४४, २५५ असे तीन ऑक्टल आकडे उलट्या तिरप्या रेषांसकट दिसतात, कारण यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं आणि एसट्रेस आपणहून आस्कीबाहेरचं सगळं ऑक्टलमध्ये छापतो. फाइलचं नाव तरी पूर्ण येतं. पण खाली राइटची ओळ बघा, तिथे स्ट्रिंग ३२ वर कापली जाते, आणि 'आजची पहिली भरती' छापत असाल तर बाइट मोजून बघा, 'आजची' चे १२, स्पेस १, 'पहिली' चे १५, परत स्पेस १, झाले २९, पुढचा 'भ' धरून बरोबर ३२. म्हणजे ट्रेस 'भ' वर तुटतो आणि पुढे तीन टिंबं. इंग्रजी स्ट्रिंगवर काम करणाऱ्याला ३२ म्हणजे ३२ अक्षरं वाटतात आणि त्याचं काही बिघडत नाही, आपल्याला मात्र लगेच कळतं की इथे बाइट म्हणायला हवं. हा डोळा तुमच्याकडे आयता आहे, वापरा. तुमच्या पानात जिथे जिथे लांबी, साइझ, मर्यादा येईल तिथे एकक लिहाच, बाइट की शब्द (प्रोसेसरचा वर्ड) की घटक, नुसता आकडा टाकून पुढे जाऊ नका.

मग फाइल मुद्दाम दुसरीकडे हलवा आणि परत चालवा. ओळीच्या शेवटी -१ आणि ईनोएंट (अशी फाइल नाही) दिसेल. हे एसट्रेसने तुमच्यासाठी सजवलेलं रूप आहे. कर्नलने प्रत्यक्षात परत केलं -२, कारण ईनोएंटचा नंबर २. लायब्ररी ते बघते, प्रोग्रामला -१ देते आणि एररनो या व्हेरिएबलमध्ये २ ठेवते. म्हणजे एकाच घटनेचे दोन आकडे, प्रोग्रामला दिसणारा एक आणि ट्रेस करणाऱ्याला दिसणारा दुसरा. ट्रेसिंगच्या पानात 'एरर आली की -१ मिळतं' असं मोघम वाक्य असेल तर ते कोणाच्या बाजूने बोलतंय ते लिहिलंच पाहिजे.

आणखी एक, ट्रेसमध्ये जे दिसत नाही तेही बघा. प्रोग्राम वेळ विचारतोय, क्लॉक-गेटटाइम बोलावतोय, तरी एक्स८६-६४ वर ट्रेसमध्ये बहुतेक वेळा त्याची ओळच नसते, कारण ते काम व्हीडीएसओतून (कर्नलने प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेल्या छोट्या लायब्ररीतून) कर्नलमध्ये न जाताच होतं. लोक तासन्‌तास ही ओळ शोधत बसतात. पानाच्या नोट्समध्ये याच्यासाठी एक वाक्य ठेवा आणि व्हीडीएसओच्या सातव्या भागातल्या पानाकडे बोट दाखवा.

पायरी ३: स्वतःचा ट्रेसर लिहा

एसट्रेस खूप काही झाकतो म्हणून त्याच्यावर विसंबून इंटरफेसचं पान लिहिता येत नाही. पन्नास-साठ ओळींचा ट्रेसर पुरतो. फोर्क करायचं म्हणजे दुसरी प्रोसेस, 'मूल', तयार होते, मुलाने पीट्रेस-ट्रेसमी ('मला ट्रेस करा') म्हणायचं आणि मग एक्झेक करायचं, म्हणजे ट्रेस करायचा प्रोग्राम स्वतःच्या जागी चढवायचा, एक्झेक झालं की मूल थांबतं आणि पालकाला वेटपिडमधून (मुलाची वाट बघणाऱ्या कॉलमधून) कळतं. पालकाने सेटऑप्शन्सने दोन ऑप्शन लावायचे, ट्रेस-सिसगुड आणि एक्झिटकिल, पहिल्याचं कारण पायरी ४ मध्ये, दुसरा अशासाठी की तुमचा ट्रेसर कोसळला तर मूल अर्धवट अवस्थेत मागे राहू नये, तो लिनक्स ३.८ पासून आहे. मग लूप, पीट्रेस-सिस्कॉल ('पुढच्या सिस्टम कॉलच्या थांब्यापर्यंत चालू दे') म्हणायचं, वेटपिड करायचं, काय थांबा आला ते छापायचं, परत पीट्रेस-सिस्कॉल.

हा ट्रेसर म्हणजे तुमची प्रयोगशाळा. पानातल्या प्रत्येक वाक्यासाठी त्यात दोन ओळी बदलून बघता आल्या पाहिजेत.

पायरी ४: थांबे लिहा, इथेच खरं काम आहे

ट्रेसिंगच्या पानात विनंत्यांची (पीट्रेसला सांगायच्या कामांची, जसं पीट्रेस-सिस्कॉल) यादी सगळे लिहितात. त्या विनंत्या कधी चालतात ते मात्र कमी लोक लिहितात आणि वाचणारा नेमका तिथेच अडकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी अवस्था लिहा, विनंत्या मागाहून. ट्रेस होणारा थ्रेड चालू आहे का थांबलाय, थांबलाय तर कुठल्या थांब्यावर, आणि त्या थांब्यावर कुठली विनंती चालते. ट्रेसर जवळजवळ सगळ्या गोष्टी थ्रेड थांबलेला असतानाच करू शकतो, चालू थ्रेडवर केल्या तर ईएसआरसीएच मिळतं, ज्याचा वरवरचा अर्थ 'अशी प्रोसेसच नाही' असा होतो आणि माणूस पीआयडी तपासत बसतो. तर या एररखाली तिन्ही कारणं लिहायची: प्रोसेस नाही, आहे पण तुम्ही तिचे ट्रेसर नाही, किंवा तुम्हीच ट्रेसर आहात पण ती थांबलेली नाही.

वर मी मुद्दाम थ्रेड म्हटलं. पीट्रेसच्या भाषेत ट्रेस होणारा म्हणजे कायम एकच थ्रेड, आख्खी प्रोसेस नव्हे. पानात एका ठिकाणी प्रोसेस आणि दुसऱ्या ठिकाणी थ्रेड असं सैल लिहिलंत तर अनेक थ्रेडच्या प्रोग्रामवर काम करणारा नक्की फसतो.

आता सिस्टम कॉलचे थांबे. प्रत्येक कॉलला दोन, आत शिरताना एक आणि बाहेर येताना एक. आणि वेटपिडमधून आलेल्या स्टेटसमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात. जेटीवर पाठ करून बसलेल्या माणसाला लाँचचा भोंगा ऐकू येतो, पण लाँच आली की सुटली ते नुसत्या भोंग्यावरून सांगता येत नाही, आधीचा भोंगा कशाचा होता ते त्यानेच लक्षात ठेवायला लागतं, तसंच हे. ट्रेसरने स्वतः हिशोब ठेवायचा. आणि हिशोब नुसता एक आड एक असा ठेवून भागत नाही, कारण शिरल्यावर बाहेर येण्याचा थांबा येईलच असं नाही. एक्झिट-ग्रुप बोलावलं तर थ्रेड आतच संपतो, एक्झेकच्या वेळी त्याच्यासाठीचा ऑप्शन लावला असेल तर मध्ये एक्झेकचा इव्हेंट-थांबा येतो. पानात लिहायचं वाक्य असं पाहिजे: शिरण्याच्या थांब्यानंतर बाहेर येण्याचा थांबा, एखादा इव्हेंट-थांबा किंवा थ्रेडचा मृत्यू, या तिन्हीपैकी काहीतरी येतं. तिन्ही तुमच्या ट्रेसरवर घडवून बघा, अवघड नाही.

दुसरी गल्लत सिगट्रॅपची, म्हणजे डिबगरसाठीच्या ५ नंबरच्या सिग्नलची. ट्रेस-सिसगुड लावलं नाही तर सिस्टम कॉलचा थांबा साध्या सिगट्रॅपसारखा दिसतो, आणि खरा सिगट्रॅप आला तर दोन्ही ओळखायची पंचाईत. ऑप्शन लावला की सिग्नलच्या नंबरात (शून्यापासून मोजून) सातवा बिट चढतो, ५ मध्ये १२८ मिळवून १३३ येतात. लिनक्स २.४.६ पासून हे आहे, तेव्हा पानातल्या उदाहरणात तो ऑप्शन लावलेलाच दाखवा, लोक उदाहरण जसंच्या तसं उचलतात.

तिसरी, सिग्नल पुढे पाठवण्याची. थ्रेड सिग्नलमुळे थांबला असेल तर परत चालू करताना शेवटच्या डेटा आर्ग्युमेंटमध्ये तो सिग्नल द्यायचा असतो, शून्य दिलं तर सिग्नल गिळला जातो. नवीन ट्रेसर लिहिणाऱ्यांचं कंट्रोल-सी चालत नाही ते याच्यामुळे. ही गोष्ट लांब पानात कुठेतरी खाली न पुरता जिथे पीट्रेस-सिस्कॉल आणि कंटिन्यूचं वर्णन आहे तिथेच अर्ध्या वाक्यात लिहा.

लिनक्स ५.३ मध्ये पीट्रेस-गेट-सिस्कॉल-इन्फो आलं आणि बराच त्रास संपला. ते ऑप नावाच्या फील्डमध्ये सरळ सांगतं शिरणं की बाहेर येणं की सेककॉम्पचा (सिस्टम कॉल गाळणाऱ्या कर्नलच्या सोयीचा) थांबा की यातलं काहीच नाही, शिरताना कॉलचा नंबर आणि सहा आर्ग्युमेंट देतं, बाहेर येताना परतीची व्हॅल्यू आणि ती एरर आहे का तेही देतं. वरच्या भरतीच्या फाइलवर करून बघा, व्हॅल्यू -२ आणि एररचा झेंडा १. याच्यात डॉक्युमेंट करायला एक सुंदर गोष्ट आहे: ॲड्रेस नावाच्या आर्ग्युमेंटमध्ये इथे ॲड्रेस जातच नाही, बफरची साइझ जाते, आणि कॉल परत करतो ते कर्नलकडे किती बाइट देण्यासारखे होते तो आकडा, तुमच्या बफरपेक्षा जास्त असतील तर डेटा कापून मिळतो. नाव एक आणि काम दुसरं असं असलं की प्रत्येक विनंतीखाली दोन्ही आर्ग्युमेंटचा अर्थ वेगळा लिहावा लागतो, आणि वापर नसेल तर 'दुर्लक्ष केलं जातं' हेही.

पायरी ५: रिटर्न व्हॅल्यूचा भाग

इथे पीकडेटाचं (ट्रेस होणाऱ्याच्या मेमरीतला एक शब्द वाचणाऱ्या विनंतीचं) एकच उदाहरण समजलं की बाकी जमतं. सी लायब्ररीचं रॅपर वाचलेला शब्दच परत करतं. आता मेमरीत खरोखर -१ असेल तर? यशाचं -१ आणि अपयशाचं -१ सारखंच. म्हणून बोलवण्याआधी एररनो शून्य करायचा आणि नंतर तपासायचा, हे पानात असलंच पाहिजे. वर आणखी गंमत, थेट कर्नलच्या कॉलची वागणूक याहून निराळी आहे, तो वाचलेला शब्द डेटाने दाखवलेल्या जागी ठेवतो. रॅपर आणि कर्नल यांच्यातला असा फरक 'सी लायब्ररी आणि कर्नलमधले फरक' अशा वेगळ्या मथळ्याखाली लिहायची पद्धत आहे, ती पाळा. गो किंवा रस्टमधून थेट कॉल करणाऱ्यांना तोच भाग लागतो.

पायरी ६: कुठल्या मशीनवर, कोणाच्या परवानगीने

नंबर प्रत्येक आर्किटेक्चरचे वेगळे. राइट एक्स८६-६४ वर १, जुन्या ३२ बिट इंटेलवर ४, ६४ बिट आर्मवर ६४. ओपनॅट एक्स८६-६४ वर २५७ आणि त्याच ६४ बिट आर्मवर ५६. एक्स८६-६४ वर नंबर ओरिग-आरएएक्स मध्ये बघायचा, कारण शिरतानाच्या थांब्यावर आरएएक्स मध्ये आधीच ईनोसिसची ('असा कॉल नाही' या एररची) उणे किंमत भरलेली असते, आर्मवर तो एक्स८ मध्ये. तेव्हा 'रजिस्टरमधून नंबर वाचा' एवढंच लिहिलं तर कोणाच्या हाती काही लागत नाही. शक्य तिथे गेट-सिस्कॉल-इन्फो वापरा असं सुचवा आणि रजिस्टरचं वर्णन आर्किटेक्चरच्या नावासकट द्या.

पीट्रेस पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टमच्या मानकात) नाही. फ्रीबीएसडीमध्येही त्याच नावाचा कॉल आहे पण तिथे शिरण्यावर थांबायची विनंती वेगळी आणि बाहेर येण्यावरची वेगळी. शिवाय बीएसडीकडे के-ट्रेस आहे, त्यात प्रोसेस न थांबवता नोंदी एका फाइलीत पडतात आणि के-डंपने वाचायच्या. स्टँडर्ड्सच्या भागात 'कुठलंही नाही' हे स्पष्ट लिहा, रिकामं सोडू नका.

परवानगीवरून सगळ्यात जास्त प्रश्न येतात. यामा (लिनक्सचं एक सुरक्षा मॉड्यूल) चालू असेल तर प्रॉकखाली पीट्रेस-स्कोप नावाच्या फाइलीत ०, १, २ किंवा ३ असतं, उबंटूवर सहसा १, म्हणजे आपल्याच वंशातल्या प्रोसेसला अटॅच करता येतं, दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालू असलेल्याला नाही, यूजर एकच असला तरी. एरर येते ईपर्म. पानात ईपर्मखाली 'परवानगी नाही' एवढंच लिहून सोडणं म्हणजे वाचणाऱ्याला परत सर्चकडे पाठवणं, आणि लाइट गेलेली असली तर तेही नाही. ही फाइल आणि तिचे चार आकडे लिहा.

पायरी ७: मार्कअप

यावर फार वेळ घालवू नका, एक दुपार पुरते. लिनक्सची पानं मॅन मॅक्रोमध्ये लिहितात, बीएसडीची एमडॉकमध्ये, दोन्ही म्हणजे पानाच्या मांडणीच्या खुणा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचं म्हणजे पुढे डिफ (जुन्या-नव्यातला फरक) वाचताना नेमकं काय बदललं ते कळतं. कॉन्स्टंट ठळक, आर्ग्युमेंट तिरके. ऑप्शनमधली वजाची खूण उलट्या तिरप्या रेषेसकट लिहायची, नाहीतर ती हायफन होऊ शकते आणि कॉपी करणाऱ्याची कमांड चालत नाही. ओळ टिंबाने किंवा सिंगल कोटने सुरू झाली तर ती मॅक्रो समजली जाते आणि गायबच होते. मॅनला तिरप्या रेषेसकट फाइलचा पाथ दिला की तुमची स्थानिक फाइल उघडते, आणि मॅनडॉकचं लिंट (पान तपासणारी सोय) बऱ्याच चुका सांगतं. ८० कॉलमच्या टर्मिनलमध्ये एकदा बघा.

इंग्रजीची भीती घालवा. मॅन पानाला छोटी वाक्यं लागतात, एका वाक्यात एक गोष्ट, कर्ता स्पष्ट: ट्रेसर करतो, थ्रेड करतो की कर्नल करतो. व्याकरण तपासणारे भेटतात, वागणूक तपासून आणणारे कमी.

पायरी ८: दुसऱ्याच्या हातात द्या, मग पाठवा

पूर्ण ट्रेसर पानाच्या उदाहरणात टाकणार असाल तर तो सगळे वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल झाला पाहिजे आणि प्रत्येक कॉलची एरर त्यात तपासलेली असली पाहिजे. मग एखाद्या मैत्रिणीला, भावाला, कॉलेजातल्या ज्युनियरला नेट बंद करून फक्त ते पान द्या आणि सांगा, यावरून ओपनॅट मोजणारा ट्रेसर लिही. मध्ये बोलायचं नाही. ती जिथे मागे जाऊन परत वाचेल तिथे खूण करा, ते वाक्य बदलायचं, तिला समजावून सांगायचं नाही.

पॅच (तुमच्या बदलाची फाइल) पाठवताना एका पॅचमध्ये एकच बदल. विषयाच्या ओळीत आधी पानाची फाइल, मग काय बदललं ते. मजकुरात तुम्ही कुठल्या कर्नलवर, कुठल्या आर्किटेक्चरवर, कसा प्रयोग केला ते लिहा आणि छोटा टेस्ट प्रोग्राम सोबत जोडा, म्हणजे तपासणाऱ्याला तो स्वतः चालवून बघता येतो. गिटने साइन्ड-ऑफ-बायची (हे काम पाठवायचा मला हक्क आहे असं सांगणारी) ओळ टाका, ईमेल साध्या मजकुरात पाठवा, एचटीएमएल नको. कोणी विचारलं की हे ५.३ च्या आधी कसं वागायचं तर जुना कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये चढवा, तोच ट्रेसर तिथे चालवा आणि जे दिसेल ते उत्तरात पाठवा.